चोवीस दिवसांसाठी

मुलाखत घेणाऱ्यांत मी तिसरी होते.
पहिली घेतली पावसकर सुपरवायझरांनी, मशीनरूममध्ये, उभ्याउभ्या.
दुसरी हिशेब बघणाऱ्या दामल्यांनी.
माझ्यानंतर चिपळूणचे मोठे साहेब,
आणि शेवटी पुण्याहून कोणीतरी, स्क्रीनवर, रेंज असली तर.

काम काय, तर दाभोळच्या बर्फ कारखान्यातला
जुना कॉम्प्रेसर सांभाळायचा.
महाडिकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं,
ते परत येईपर्यंत. चोवीस दिवस. रात्रपाळी.

इब्राहिम वांगडे खाडीपलीकडून आले, धोपाव्याहून,
सव्वानऊच्या फेरीबोटीने.
शर्टाला ताजी इस्त्री,
कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत,
पिशवीवर गुहागरच्या चपलांच्या दुकानाचं नाव.
अकरा वर्षं दुबई, मग कतार, मग आईपाशी.

माझ्यासमोर छापील कागद होता.
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?
विचारलं मी. खरंच विचारलं.
त्यांनी खिडकीतून खाडीकडे पाहिलं,
उत्तर पुढच्या फेरीने येणार असल्यासारखं,
आणि म्हणाले, "बाई, पंचविसाव्या दिवशी मी घरी असेन.
एवढं नक्की."

कागदावर हसण्याचा रकाना नव्हता.
'दूरदृष्टी'पुढे मी तीन गुण लिहिले. पाचांपैकी.

खरं तर सातव्या मिनिटाला मला कळलं होतं.
बोलताबोलता त्यांनी मान कलती केली,
भिंतीपलीकडचं ऐकलं,
"पट्टा सैल आहे. आज नाही तुटणार, पण घ्या बघून."
हे कुठे लिहायचं, त्याचीही जागा नव्हती.

पावसकरांना तर तिसऱ्याच मिनिटाला कळलेलं.
जेटीवरच्या टपरीत त्यांनीच सांगितलं, बशीत चहा ओतताना.
मग पुढे कशाला पाठवलंत?
"उद्या काही झालं तर एकट्याची सही नको."
मी मान डोलावली. माझंही तेच होतं.
दोषाची पंगत होती ती,
पाच पानं मांडून ठेवलेली,
वाढायला अजून काहीच नव्हतं.

आठ महिन्यांसाठी खलाशी घेताना
तांडेल दोन गोष्टी विचारतो:
आधीच्या होडीवर किती टिकलास, आणि का सोडलीस.
त्याच्या होडीखाली समुद्र असतो.
आमच्या खाली फरशी होती, पुसलेली.

चौथी मुलाखत पुढे ढकलली, साहेबांकडे सत्यनारायण होता.
वांगडे जेटीवरून परत गेले.
पुन्हा आले, तेव्हा झाली.
पाचवीला रेंज गेली, ते स्क्रीनवर तोंड उघडून थिजले,
आणि आम्ही सगळे थिजलेल्या माणसाकडे
आदराने बघत राहिलो.

तोवर रात्री पावसकरच मशीनपाशी बाकड्यावर झोपत.
लाद्या अर्ध्याकच्च्या निघू लागल्या.
एका पहाटे हर्णैचा एक नाखवा दारात ओरडला,
"ह्यो बरफ हाय का सरबत?"

एकोणिसाव्या दिवशी महाडिकच आले.
डॉक्टर नको म्हणत होते.
पोटाला पट्टा बांधलेला, चालताना एक हात त्यावर.
कोणाशी न बोलता आत गेले
आणि आधी मशीनचा पट्टा आवळून घेतला.

वांगड्यांना फोन मीच केला. कोणीतरी करायलाच हवा होता.
त्यांच्यामागे दुसरंच कुठलं तरी मशीन चालू होतं,
ऐकू आलं, नीट, एका लयीत.
काम मिळालं का हो?
"मिळालं ना. शृंगारतळीला, कोल्ड स्टोरेज. दीड महिना."
मुलाखत किती झाल्या?
"एकच प्रश्न होता. कधी येताय?"

त्यांच्या फेरीबोटीच्या भाड्याचं व्हाउचर
मी त्याच दिवशी केलं. जाऊन-येऊन पाच खेपा.
दामले म्हणाले, नेमणूक नाही तर प्रवासखर्च कसा,
निदान तीन सह्या घ्या.

ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
दोन झाल्यात.